त्रिशूळनायडू आणि भद्रमस्वामींचं मौन

या हो, असे पुढे सरका. मागं बसलं की हशा ऐकू येतो पण लोक कशाला हसले ते कळत नाही, आणि मग घरी जाऊन बायकोला विचारावं लागतं. सरका अजून. कथा फार लांबची नाही. गोदावरी समुद्राला मिळायच्या आधी सात वाटांनी फुटते आणि मधे नारळीची हिरवीगार बेटं ठेवून जाते, तिथल्या अंबाजीपेटची. एका भल्या माणसानं एकाच दिवसात सकाळी गप्प राहून पाप केलं आणि दुपारी बोलून ते धुतलं, त्याची ही गोष्ट. ऐका.

माणसाचं नाव वीरभद्रम. धंदा माईक-सेटचा. लग्न असो, निवडणूक असो की कुणाची म्हैस हरवलेली असो, भोंगा भद्रमचा. पण जीव मात्र दोनच ठिकाणी जडलेला. एक, वेणुगोपाळस्वामींच्या देवळातली धनुर्मासातली हरिकथा. राजरत्नम्मा नावाच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई पायांत चाळ बांधून, हातात चिपळ्या घेऊन उभ्या राहिल्या की भद्रम माईकची पट्टी सारखी करायचं निमित्त काढून अगदी त्यांच्या पायाशी बसे, आणि सीता अशोकवनात गेली की दरवर्षी नव्यानं रडे. दुसरं ठिकाण म्हणजे तुफान स्टार भार्गवतेजा. गेली सत्तावीस वर्षं भद्रम त्यांच्या अंबाजीपेट चाहता संघाचा अध्यक्ष. त्यांना नुसतं ‘बाबू’ म्हणायचं. बाबू आता बासष्टचे झालेले, पण हे वाक्य अंबाजीपेटमध्ये मोठ्यानं कुणी बोलत नसे.

त्या वर्षी संक्रांतीला बाबूंचा ‘त्रिशूळनायडू’ यायचा होता, आणि भद्रमनं अय्यप्पाची माळ घातलेली होती. एकेचाळीस दिवस काळे कपडे, अनवाणी पाय, पहाटे गार पाण्याची अंघोळ, जमिनीवर झोप. शिवी नाही, खोटं नाही. माळ घातली की माणूस ‘स्वामी’ होतो. अख्खं गाव त्याला स्वामी म्हणतं आणि तोही सगळ्यांना स्वामी म्हणतो. बायकांना ‘माता’ म्हणायचं, त्यातून घरचीही सुटत नाही. आदिलक्ष्मीला पहिल्या दिवशी त्यानं “माता, ताक आहे का?” असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आहे स्वामी. आणि एकेचाळीस दिवस पोराला सांभाळावं तसं तुम्हाला सांभाळते, काळजी नको.”

यंदाची अय्यप्पाच्या डोंगराची खेप अठरावी. अठराव्या वर्षी स्वामी नारळाचं रोप घेऊन डोंगर चढतो, ते तिथं लावतो आणि उतरतो तो गुरुस्वामी होऊन. सतरा वर्षं त्यासाठी चालायचं असतं. आणि अठराव्या वर्षी एक शब्द खोटा गेला, तर रोप नेणारा माणूस म्हणजे नुसता हमाल.

आता माळ असताना सिनेमा कसा पाहायचा? भद्रम गावातल्या वृद्ध गुरुस्वामींकडे पोस्टर घेऊनच गेला.

“स्वामी, हे बघा. कपाळाला विभूती. हातात त्रिशूळ. कमरेइतक्या गोदावरीत उभे. मागं शंख. याला सिनेमा म्हणायचं की दर्शन?”

गुरुस्वामींनी चष्मा लावून पोस्टर पाहिलं. “ही पलीकडची मुलगी एवढी भिजलेली का आहे?”

“गोदावरीतच उभी आहे ना, स्वामी.”

“हं. जा. पण डोळ्यांनी जे पाहशील ते तोंडानं बदलू नकोस.”

एवढ्यावर थांबला असता तर भद्रम कसला! झलकीत म्हणे चाळ बांधलेले बाबूंचे पाय दोन सेकंद दिसले होते. म्हणजे सिनेमात हरिकथा! तो धावत राजरत्नम्मांकडे गेला. “अम्मा, आता आपली हरिकथा चाळीस फुटी पडद्यावर! स्वतः बाबू उभे राहणार. तुम्ही यायलाच हवं. माझा शब्द.” राजरत्नम्मा बावीस वर्षांत टॉकीजची पायरी चढल्या नव्हत्या. पण हल्ली त्यांच्या कथेला देवळात तीस माणसं जमत, त्यांतली दहा प्रसादाला. पडद्यावर पाहून चार पोरं देवळाकडे वळली तर वाईट काय, असा विचार त्या भाबड्या जिवानं केला. “तू शब्द देतोस ना रे? मग येते,” त्या म्हणाल्या, आणि हरिकथेला बसणाऱ्या अकरा बायकांनाही त्यांनी सांगितलं.

तो दिवस उजाडला. कालव्याकाठच्या टॉकीजसमोर बाबूंचा चाळीस फुटी पुतळा उभा, त्यावर दुधाचा अभिषेक चाललेला. बांबूच्या शिडीवरून उपाध्यक्ष नूकराजू ओरडला, “स्वामी, पहिला नारळ तुमच्या हातचा!” भद्रमनं नारळ वाढवला. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर दुसऱ्या हिरोचे चाहते बसले होते, नुसते बघत. त्यांचं तोंड कडू करायला भद्रमनं भोंग्याचा आवाज आणखी वाढवला. सकाळी आठचा खेळ. तिसऱ्या रांगेत राजरत्नम्मा ठेवणीतली उप्पाडा साडी नेसून बसल्या, शेजारी आदिलक्ष्मी, मग अकरा जणी. भद्रम राजरत्नम्मांच्या दुसऱ्या बाजूला, हात जोडून.

सिनेमा सुरू झाला आणि बाबू देवळाची भिंत फोडून आत आले.

शिट्ट्या झाल्या, कागदाचे कपटे उडाले. राजरत्नम्मांनी हळूच विचारलं, “दार नव्हतं का रे?” भद्रम म्हणाला, “ते प्रतीक आहे, अम्मा.” मग माणसं मरू लागली. त्रिशूळानं तिघे एकदम, मग सहा. एकाची मुंडी उडून दीपमाळेवर बसली. ‘हेही प्रतीकच असणार,’ भद्रम मनाशी म्हणाला. मग ती भिजलेली मुलगी आली. गोदावरी केव्हाच मागं पडली होती तरी ती भिजलेलीच होती. आणि मध्यंतरानंतर, एकदाची, हरिकथा आली.

बाबूंनी चाळ बांधले, चिपळ्या घेतल्या. भद्रमचा ऊर भरून आला. बाबूंनी “गोविंदा” म्हटलं आणि त्या नावाला जोडून असा काही विनोद केला, की तो मी इथं सांगणार नाही. तुमच्या शेजारी कोण बसलंय मला ठाऊक नाही. मग चिपळ्या फेकून दिल्या, मुलीच्या कमरेवर मृदंग वाजवावा तसा ठेका धरला आणि त्रिशूळाच्या टोकानं तिचा पदर उचलला. टॉकीज ओरडली. भद्रमनं मान वळवायचं धाडस केलं. राजरत्नम्मांनी चष्मा काढला, रुमालानं नीट पुसला, डबीत ठेवला आणि डबी मिटली. उरलेला तास त्या तशाच बसून होत्या, समोर बघत, बिनचष्म्याच्या.

“स्वामी,” आदिलक्ष्मीचा आवाज आला.

“काय, माता?”

“मी माता आहे म्हणून गप्प आहे.”

अकरा वाजता सगळे बाहेर पडले. राजरत्नम्मा बायकांबरोबर घराकडे चालू लागल्या. भद्रम त्यांच्यामागं जाणार एवढ्यात तोंडासमोर माईक आला. राजमहेंद्रीहून चॅनेलवाली हारिका आलेली. आमच्याकडे पहिल्या खेळानंतर हा एक विधीच असतो. माईक समोर आला की चाहत्यानं दोन्ही हात वर करायचे आणि ‘सुपरहिट!’ म्हणून किंचाळायचं. सत्तावीस वर्षं भद्रमनं हेच केलं होतं, पडलेल्या सिनेमांनाही केलं होतं.

“स्वामी, सिनेमा कसा आहे?”

मागं नूकराजू आणि मंडळी ढोल धरून तयार. पलीकडच्या टपरीवर चहाचे ग्लास हवेत थबकलेले. भद्रमनं तोंड उघडलं. ‘सुपरहिट’ म्हणावं तर अठरावं वर्ष बुडालं. ‘भिकार’ म्हणावं तर सत्तावीस वर्षं बुडाली, आणि तीही त्या टपरीवाल्यांच्या देखत.

“पडदा स्वच्छ आहे,” तो म्हणाला.

“आणि कथा, स्वामी?”

“पंखे चालू होते.”

“स्वामी, हरिकथेचा प्रसंग कसा वाटला?”

भद्रमच्या डोळ्यांपुढे मिटलेली डबी आली. त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. त्यानं हात जोडले आणि मान खाली घातली.

“बघा!” हारिका किंचाळली, “स्वामींना शब्दच फुटत नाहीयेत!” ढोल वाजले.

भद्रम कालव्यावर गेला, डोकं बुडवून आला आणि त्याला बरंच हलकं वाटलं. खोटं बोललो नाही. बाबूंनाही उणं बोललो नाही. अय्यप्पानं तारलं. घरी येऊन त्यानं हे आदिलक्ष्मीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं शेजारचा फोन उचलून त्याच्यापुढे धरला. पडद्यावर तो स्वतःच होता, रडणारा, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘अठरा वर्षं तप करणाऱ्या स्वामींना अश्रू अनावर! घराघरानं पाहावा असा भक्तीचा महापूर!’

“जीभ शुद्ध राहिली स्वामी,” आदिलक्ष्मी म्हणाली. “खोटं डोळे बोलले.”

“मी कुठं काय म्हटलं?”

“तेच तर. तुम्ही काही म्हटलं नाही, म्हणून त्यांनी म्हटलं.”

दुपारी दोनचा खेळ. दीडच्या सुमाराला भोंगा बघायला म्हणून भद्रम टॉकीजवर गेला आणि फाटकातच थिजला. तीन ट्रॅक्टर उभे होते. आसपासच्या गावांतून कुटुंबंच्या कुटुंबं उतरत होती: म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, केसांत झेंडूची फुलं माळलेल्या पोरी, काळ्या कपड्यांतले वीसेक स्वामी. कुणी पडद्याला ओवाळायला कापूर आणलेला. एका म्हातारीनं फाटकाबाहेर चपला काढल्या. “घाला आजी, चपला चोरीला जातात इथं,” दरवान म्हणाला. “स्वामी रडले म्हणे इथं,” म्हातारी म्हणाली, “म्हणजे देऊळच की रे!”

तिच्या लेकानं भद्रमला ओळखलं आणि थेट पायांवर डोकं ठेवलं. “स्वामी, तुमच्यामुळे आमच्या आईला जाता-जाता त्रिशूळाचं दर्शन होतंय. उपकार झाले.”

पायांना कपाळ लागलं ते भद्रमला निखाऱ्यासारखं लागलं. सकाळचं गप्प राहणं एवढं मोठं होऊन तीन ट्रॅक्टर भरून दारात उभं राहील, असं त्याला कुठं ठाऊक होतं! आणखी वीस मिनिटांत ही म्हातारी अनवाणी आत जाणार, हात जोडणार, आणि समोर तो पदर वर जाणार.

“नूकराजू स्वामी, गाणं बंद करा.”

“का? मी आणखी वाढवणार होतो.”

“बंद करा. माईक द्या.”

माईक हातात आला खरा, पण बोलायचं काय आणि कसं? आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांना माईक दिलेले, स्वतः ‘हॅलो, एक दोन तीन’ पलीकडे कधी बोललेला नव्हता. ऐकलेली मात्र एकच वाणी होती. त्यानं डोळे मिटले आणि जे तोंडाला आलं ते मोठ्यानं म्हटलं, “श्रीमद्रमारमण गोविंदो...”

“हरी!” अख्खं फाटक म्हणालं. हरिकथेत ते म्हणायचंच असतं. हात आपोआप वर जातात. नूकराजूचेही गेले.

भद्रमला बळ आलं. “ऐका स्वामी, ऐका माता! त्रिशूळनायडू नामे एक वीर होता. तो देवळात आला. कसा आला? भिंत फोडून आला.”

“दार नव्हतं?” म्हातारीनं विचारलं.

“होतं, माते. शेजारीच होतं. उघडं होतं.”

हशा पिकला. पलीकडची टपरी उठून उभी राहिली.

“मग वीरानं माणसं मारली. किती? मी बोटं मोजली, बोटं संपली, शेजारच्या मातेची घेतली, तीही संपली. बेचाळीस! का मारली? ते कुणी सांगितलं नाही. मरणाऱ्यांनीही विचारलं नाही.”

“गोविंदा!” कुणीतरी ओरडलं.

“मग एक कन्या आली. वय चोवीस. आमचे बाबू...” इथं भद्रमचा आवाज जरा अडखळला, “आमचे बाबू बासष्ट. कन्येनं त्यांना पाहिलं मात्र, आणि काय म्हणाली?”

“आजोबा!” ट्रॅक्टरवरून एक पोरगी ओरडली, आणि असा हशा झाला की पुतळ्यावरचे कावळे उडाले. नूकराजू कपाळाला हात लावून खाली बसला. पण खांदे त्याचेही हलत होते.

“मग बाबूंनी चाळ बांधले,” भद्रम म्हणाला आणि थांबला. लोक हसायच्या तयारीत होते. “इथून पुढचं मला सांगता येत नाही. माझ्या शेजारी राजरत्नम्मा बसल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यातली साठ वर्षं हरीचं नाव घेण्यात गेली. मी त्यांना शब्द देऊन आणलं होतं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. सकाळी मी रडलो तो भक्तीनं नाही, लाजेनं. तेव्हाच बोलायला हवं होतं, नाही बोललो. ते पाप माझं. ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं. पण दर्शन म्हणून कुणी जाऊ नये. आजी, तुम्ही चपला घाला.”

टपरीवरून कडकडून टाळ्या आल्या. भद्रम गर्रकन वळला, माईक तोंडाशी तसाच. “टाळ्या नकोत, स्वामी! तुमच्या हिरोचा दसऱ्याला आलेला सिनेमा मीही पाहिलाय.” टाळ्या थांबल्या. एक जण खाली बसून चहा मागू लागला.

नूकराजू उठून जवळ आला. डोळे लाल. “सत्तावीस वर्षं, स्वामी! पलीकडच्यांच्या देखत! आपल्याच भोंग्यातून!”

“चूक आहे, स्वामी?”

“चूक नाहीये! मलाही तो त्रिशूळाचा प्रकार पटला नाही. माझी बहीण होती सोबत. पण म्हणून असं बोलतात का?”

“मग कसं बोलतात?”

नूकराजूनं नुसता हात पुढे केला. भद्रमनं छातीवरचा अध्यक्षाचा बिल्ला काढला आणि त्या हातावर ठेवला. दोघांपैकी कुणीच बिल्ल्याकडे पाहिलं नाही.

एवढ्यात गर्दी बाजूला झाली. राजरत्नम्मांचं घर कालव्याच्या पलीकडेच, आणि भद्रमचे भोंगे तिथवर पोचतातच. त्या पूल ओलांडून आल्या होत्या, साडी बदललेली, हातात चिपळ्या. भद्रमनं मान खाली घातली.

“भद्रम.”

“अम्मा, माझं...”

“ताल चुकला.”

“अं?”

“बेचाळीस म्हणालास तिथं. एक मात्रा आधी घेतलास. आणि रडताना माईक लांब धरावा, फुरफुर ऐकू येते.” त्यांनी चिपळ्या बोटांत अडकवल्या. “बाकी बरं होतं. पण अर्धंच आहे. नुसती टिंगल म्हणजे हरिकथा नव्हे. ज्याला हसलास त्याच्यासाठी शेवटी देवाकडे काहीतरी मागावं लागतं, नाहीतर हसण्याचा दोष लागतो. काय मागणार आहेस?”

भद्रमनं मान वर करून पुतळ्याकडे पाहिलं. चाळीस फूट उंच, विभूती लावलेला, दुधानं चिकट झालेला, मानेला सुरकुती दिसू नये म्हणून रंग जरा जाड फासलेला. याच माणसाला स्वतःच्या पंचविशीत पाहून तो वेडा झाला होता. त्या पहिल्या सिनेमात बाबू एका आंधळ्या बापाला खांद्यावर घेऊन नदी पार करतात आणि दहा मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. तेव्हा ते नदीत उभे होते ते कुणाला तरी पार न्यायला.

“आमच्या बाबूंना एखादी कथा दे,” तो म्हणाला. “बरीशी. त्यांच्या वयाची.”

“गोविंदा!” नूकराजू म्हणाला, आणि लगेच दुसरीकडे पाहू लागला.

मग राजरत्नम्मांनी तिथंच, तिकीटखिडकीच्या पायरीवर उभं राहून खरी कथा लावली. माणसांपैकी अर्धी मातीत बसली. उरलेली अर्धी ‘आता तिकीट काढलंच आहे’ म्हणत आत गेली आणि मध्यंतराला बाहेर येऊन कथेला बसली; ते आपल्याकडेही तसंच होतं, खोटं कशाला बोला. टॉकीजचा मालक आधी चिडला आणि मग शेंगदाणे विकू लागला. मात्र बिल्ला काही परत आला नाही. नूकराजू अध्यक्ष झाला, आणि पुढचं वर्षभर दोघं एकमेकांना भेटले की हवापाण्याचं बोलत.

दुसऱ्या दिवशी भद्रम डोक्यावर इरुमुडी, म्हणजे देवासाठीच्या शिध्याची गाठोडी, आणि हातात नारळाचं रोप घेऊन निघाला. गुरुस्वामींनी गाठोडी स्वतःच्या हातांनी डोक्यावर चढवली आणि काही विचारलं नाही. त्यांच्याही घरापर्यंत भोंगा पोचला होता. अठरा पायऱ्या चढून भद्रम गाभाऱ्यासमोर आला तेव्हा त्याला मिळाला असेल अर्धा क्षण. मागून रेटा, पुढून रेटा. माणूस अशा वेळी लेकराबाळांचं मागतो. भद्रमनं जे कबूल केलं होतं तेवढंच मागितलं.

बाबूंना ती कथा अजून मिळालेली नाही. मागच्या संक्रांतीला ते पुन्हा भिंत फोडून आले. तेव्हा बाबांनो, मायांनो, तुम्ही कुठं कुठल्या देवापुढं हात जोडाल, तेव्हा आपलं सगळं मागून झाल्यावर श्वासभर थांबा, आणि त्या साठी उलटलेल्या बिचाऱ्या नायकाची आठवण ठेवा.